आखडलेला खांदा आणि इंजेक्शनचा ‘ब्लॉक’

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात आरोग्यविषयक कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्ते रेल्वेत सीनियर सेक्शन इंजिनिअर, रेलपथ या पदावर आहेत.)



आरोग्यावरच्या भाषणासाठी डॉक्टर सोडून रुळांवरचा माणूस कशाला, असं मी आपल्या सचिवांना विचारलं. ते म्हणाले, “डॉक्टर सांगतात ते लोक ऐकून घेतात, पण ज्याने सुई टोचून घेतली आहे त्याला लोक प्रश्न विचारतात.” मला ते पटलं. तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. तंत्रनिकेतनातून स्थापत्यशास्त्राची पदविका घेतली, रेल्वेत लागलो आणि वीसेक वर्षं रूळ सांभाळतो आहे. आज मी बोलणार आहे ते माझ्या खांद्याला काय झालं, डॉक्टरांनी काय समजावलं आणि मी स्वतः काय वाचून पडताळून घेतलं, एवढंच. निदान आणि औषध ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

विषय आहे ‘फ्रोझन शोल्डर’. आपल्याकडे म्हणतात खांदा आखडला, खांदा धरला. आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेत ‘अवबाहुक’ नावाचा वातविकार सांगितला आहे, तो याच्याच जवळचा. पॅरिसच्या डुप्ले यांनी १८७२ साली त्याचं वर्णन केलं, बोस्टनच्या कॉडमन यांनी १९३४ साली ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव दिलं आणि १९४५ साली नेविआसर यांनी दाखवलं की दोष सांध्याभोवतीच्या आवरणात आहे.

नेमकं होतं काय?

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. त्याच्याभोवती एक सैल पिशवी असते. झब्ब्याची बाही काखेत सैल असली की हात वर जातो, तशी ही पिशवी सैल असते म्हणून हात सगळीकडे फिरतो. या आजारात पिशवीला सूज येते, मग ती जाड होते आणि आकसते. निरोगी खांद्याच्या पिशवीत साधारण २० ते ३० मिलिलिटर द्रव मावतो. आखडलेल्या खांद्यात ही जागा १० मिलिलिटरच्या आसपास येते. बाही शिवून घट्ट केल्यावर हात वर कसा जाणार?

आजाराच्या तीन अवस्था सांगतात. पहिली दुखण्याची. ही दोन ते नऊ महिने चालते, आणि दुखणं रात्री जास्त. त्या कुशीवर झोपता येत नाही. दुसरी आखडण्याची. दुखणं कमी होतं, पण हात अडतो. ही चार ते बारा महिने. तिसरी सुटण्याची. हात हळूहळू मोकळा होतो, त्याला काही महिन्यांपासून दोन वर्षंही लागू शकतात.

“दोन वर्षांत आपोआप बरा होतो” असं बरेच जण सांगतात. बहुतेकांच्या बाबतीत सुधारणा होते हे खरं. पण १९९२ साली अमेरिकेत ६२ रुग्णांची सरासरी सात वर्षांनी तपासणी केली, तेव्हा निम्म्यांना थोडंफार दुखणं किंवा ताठरपणा उरलेलाच होता. आणि दोन वर्षं म्हणजे दोन दिवाळ्या. रात्री न झोपता काढायच्या असतील तर त्या लहान नाहीत.

कोणाला होतो?

चाळीस ते साठ या वयात, पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त. शंभरात दोन ते पाच जणांना तो होतो असं मानतात. मधुमेह्यांत मात्र हे प्रमाण शंभरात दहा-वीस किंवा त्याहूनही वर जातं. थायरॉईडचा त्रास असलेल्यांना आणि हात बरेच दिवस झोळीत बांधून ठेवावा लागलेल्यांनाही धोका जास्त.

आता मधुमेहाचं आपल्याकडचं चित्र बघा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने इतरांच्या साथीने केलेला देशभराचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचा अंदाज आहे, म्हणजे दहा कोटींहून जास्त माणसं. दिल्लीत हे प्रमाण १७.८ टक्के आणि आपल्या गोव्यात २६.४ टक्के, देशात सगळ्यांत जास्त. या सभागृहात दीडशे जण बसले आहेत. हिशेब तुम्हीच करा. म्हणून हा विषय मी घेतला.

ओळखायचा कसा?

प्रत्येक खांदेदुखी म्हणजे फ्रोझन शोल्डर नव्हे. एक साधी खूण सांगतो. कोपर बरगडीला चिकटवा, हात कोपरात काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या, दार उघडल्यासारखा. या आजारात ही हालचाल सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त अडते. आता घरातल्या कोणाला तरी तुमचा हात हलकेच बाहेर न्यायला सांगा. तुम्हालाही जमत नाही आणि दुसऱ्यालाही नेता येत नाही, तर आवरण आखडलं असण्याची शक्यता मोठी. तुम्हाला जमत नाही पण दुसऱ्याने सहज नेला, तर दोष बहुधा स्नायूंच्या दोरांत आहे. तो वेगळा आजार, त्याचे उपचारही वेगळे.

एक्स-रे बहुतेक वेळा सामान्य येतो. मग लोक म्हणतात, “एक्स-रेत काही नाही, मग कशाला काढला?” तो काढायचा असतो दुसरं काही नाही ना हे बघायला. आपल्या देशात याला विशेष कारण आहे. खांद्याच्या हाडाचा क्षयरोग, त्यातही कोरड्या प्रकारचा, सुरुवातीला थेट आखडलेल्या खांद्यासारखा दिसतो. त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर रोग वाढतो. म्हणून एक्स-रे न बघता सुई घेऊ नका.

आणखी एक. डाव्या हातात कळ, सोबत छातीत दाब, घाम, दम लागणं, असं झालं तर खांद्याचा विचार बाजूला ठेवून आधी हृदयासाठी इस्पितळ गाठा.

माझा खांदा

चव्वेचाळिसाव्या वर्षी माझा डावा खांदा धरला. मधुमेह त्याआधी सहा वर्षांपासून होताच. सुरुवातीला फक्त मागच्या खिशातलं पाकीट काढताना कळ यायची. तिसऱ्या महिन्यात बनियन काढायला मुलाची मदत लागू लागली. रात्री दोनला जाग आली की पहाटेपर्यंत खुर्चीत बसून राहायचं.

नोकरीतली अडचण वेगळीच. रुळांवर काम करणाऱ्या माणसाला गाडी थांबवायची वेळ आली आणि हाताशी लाल झेंडी नसली, तर दोन्ही हात डोक्यावर सरळ ताणून उभं राहायचं असतं. तो ‘थांबा’चा इशारा. नियमपुस्तकातला, सगळ्या देशात एकच. माझा उजवा हात वर जायचा, डावा छातीशी अडायचा. एका हाताने ‘थांबा’चा इशारा नियमात नाही. माझ्या हाताखाली चाळीस ट्रॅक मेंटेनर काम करतात. साइटवर उभं राहून त्यांचा जीव सांभाळणं माझं काम. ज्याला थांबा म्हणता येत नाही त्याने रुळावर उभं राहावं का, हा प्रश्न मला झोप न लागण्यापेक्षा जास्त छळत होता.

अस्थिरोग तज्ज्ञांनी तपासलं, एक्स-रे बघितला आणि सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या म्हणाले. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकून घरात सन्नाटा. २०२१ च्या उन्हाळ्यात दिल्लीने जे पाहिलं ते आपण कोणी विसरलेलो नाही. करोनानंतरची ती काळी बुरशी, म्युकरमायकोसिस, मधुमेह आणि स्टेरॉइड या जोडीशी तिचं नाव जोडलं गेलं. आमच्या ओळखीतल्या एका घरातला माणूस त्यात गेला. त्यामुळे बायको म्हणाली, “दुखू दे, पण स्टेरॉइड नको.” तिची भीती खोटी नव्हती. म्हणून ती नीट समजून घेणं भाग होतं.

इंजेक्शन कशाचं आणि करतं काय?

स्टेरॉइड म्हणजे आपल्याच शरीरात मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत तयार होणाऱ्या द्रव्याचा भाऊबंद. अमेरिकेत १९४८ साली हेंच आणि केंडॉल यांनी कॉर्टिसोन संधिवाताच्या रुग्णाला दिलं. १९५० साली त्या दोघांना आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी, १९५१ साली, फिलाडेल्फियाच्या हॉलंडर यांनी हे औषध थेट सांध्यात टोचण्याचे अनुभव प्रसिद्ध केले. म्हणजे सांध्यातल्या या सुईला सत्तर वर्षांहून जास्त काळ झाला.

आपल्याकडे बहुतेक वेळा ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरतात, साधारण ४० मिलिग्रॅम, सोबत बधिर करणारं लिग्नोकेन. २० मिलिग्रॅमही तेवढंच उपयोगी पडतं असं काही अभ्यासांत दिसलं आहे. मधुमेह्यांनी हे डॉक्टरांना जरूर विचारावं. सुई बहुधा खांद्याच्या मागच्या बाजूने, सांध्याच्या पोकळीत जाते. सोनोग्राफीच्या मदतीने दिली तर ती योग्य जागी गेल्याची खात्री वाढते. मला लागलेला वेळ पाच मिनिटं. दुखणं, रक्त तपासायला देताना दुखतं त्याच्यापेक्षा जरा जास्त.

करोनात जे झालं ते मोठ्या मात्रेत, अनेक दिवस, सबंध शरीरात दिलेलं स्टेरॉइड, तेही साखर आटोक्यात नसताना. इथे एक मात्रा, एका सांध्यात. थोडा भाग रक्तात जातोच, पण दोन्हींची बरोबरी होत नाही. हे डॉक्टरांनी बायकोला समोर बसवून समजावलं, तेव्हा ती तयार झाली.

हे औषध आवरणाची सूज उतरवतं. त्यामुळे दुखणं कमी होतं. पण आकसलेली पिशवी एका सुईने पुन्हा सैल होत नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. ती कशी, ते मी माझ्या भाषेत सांगतो.

इंजेक्शन म्हणजे ब्लॉक

मुंबईकरांना ‘मेगाब्लॉक’ शब्द सांगायला नको. ब्लॉक म्हणजे ठरलेल्या वेळेसाठी गाड्या थांबवतात आणि तेवढ्या वेळात आम्ही रुळांचं काम करतो. ब्लॉकने रूळ दुरुस्त होत नाही. ब्लॉकमध्ये केलेल्या कामाने होतो. ब्लॉक मिळाला आणि गँग पोचलीच नाही, तर गाड्याही थांबल्या आणि काम शून्य.

इंजेक्शन हा खांद्याचा ब्लॉक आहे. दुखण्याची रहदारी काही आठवडे थांबते. त्या आठवड्यांत व्यायाम केला तर खांदा मोकळा होतो. “वा, दुखणं गेलं,” म्हणून हात मांडीवर ठेवून बसलो तर ब्लॉक संपतो आणि आपण होतो तिथेच.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. कॅनडात ९३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. सांध्यात एक इंजेक्शन आणि घरी साधा व्यायाम, यांनी पहिल्या काही आठवड्यांत दुखणं आणि हालचाल दोन्हींत चांगला फरक पडला. सोबत फिजिओथेरपी जोडलेल्यांचा हात जास्त लवकर सुटला. वर्षअखेरीस मात्र सगळे गट जवळपास सारखे झाले. म्हणजे इंजेक्शन वाईट काळ कमी करतं, जादू करत नाही. २०२० साली ग्लासगोच्या संशोधकांनी ६५ अभ्यास, चार हजारांवर रुग्ण एकत्र तपासले. सांध्यातलं स्टेरॉइड लवकर दिलं तर इतर उपायांपेक्षा सरस ठरतं, आणि फायदा सहा महिन्यांपर्यंतही टिकू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. सोबत घरचा व्यायाम करावा, हेही त्यांनी सांगितलं.

त्याच वर्षी ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, ३५ रुग्णालयांतले ५०३ रुग्ण. एका गटाला इंजेक्शन आणि फिजिओथेरपी, दुसऱ्याला भूल देऊन खांदा फिरवणं, तिसऱ्याला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. वर्षभरानंतर तिघांत रुग्णाच्या दृष्टीने मोठा फरक नव्हता. गंभीर गुंतागुंती शस्त्रक्रियेच्या गटात जास्त होत्या. मग सुई आणि व्यायाम हा सोपा रस्ता आधी चालून बघावा, हे ओघानेच आलं.

हातोडा नको

आमच्याकडेही ‘फ्रोझन जॉइंट’ असतो बरं का. दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांना फिशप्लेट म्हणतात. तिथे थोडी फट ठेवलेली असते, कारण तेरा मीटरचा रूळ तापमानात पन्नास अंशांचा फरक पडला की साडेसात मिलिमीटर वाढतो किंवा आकसतो. गंज धरला, ग्रीस सुकलं, बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळले, की ती फट हलत नाही. सांधा जाम. म्हणून दरवर्षी थंडीत पट्ट्या काढून, साफ करून ग्रीस लावतात. नवा पोरगा असतो तो घण उचलतो. जुना मुकादम त्याला थांबवतो, “आधी बोल्ट ढिला कर, ग्रीस लाव.”

खांद्याचं तसंच. २००४ साली नेदरलँड्समधल्या ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाकडून दुखलं तरी जोरात ताणण्याचे व्यायाम करून घेतले. दुसऱ्याला समजावून सांगितलं आणि दुखण्याच्या मर्यादेत हात हलवायला सांगितला. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या ८९ टक्क्यांचा खांदा जवळपास पूर्ववत होता, पहिल्यातल्या ६३ टक्क्यांचाच. तेव्हा दुखण्याच्या अवस्थेत कोणी पैलवान येऊन हात मुरगाळून ‘मोकळा’ करून देतो म्हणाला, तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

माझा व्यायाम सांगतो. इंजेक्शननंतर दोन दिवस हलकी हालचाल, जड काही नाही. मग दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं, आधी गरम पाण्याची पिशवी. पहिला व्यायाम कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. टेबलावर चांगला हात टेकून वाकायचं आणि दुखरा हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. दुसरा, भिंतीवर बोटांनी चढायचं. मी भिंतीवर पेन्सिलीने रोज खूण करत असे. तिसरा, पाठीवर झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुखऱ्याला बाहेर ढकलायचं. चौथा, पाठीमागे टॉवेल धरून वर ओढायचा. हा सगळ्यांत शेवटी जमतो. ताण जाणवावा, पण व्यायामानंतर दुखणं तासभरात निवळावं. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी जोर कमी करायचा.

पहिल्या आठवड्यात झोप परत आली. सहा आठवड्यांनी हात कानापर्यंत. पाच महिने लागले तेव्हा कुठे दोन्ही हात डोक्यावर सरळ गेले. साइटवर आमच्या मुकादमाने लांबून बघितलं आणि ओरडला, “साहब, गाड़ी रोक दी क्या?”

मधुमेह्यांनी काय करायचं?

मला हे आधी सांगितलं होतं म्हणून मी तयार होतो. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी माझी उपाशीपोटीची साखर एरवीच्या १३० वरून २४० झाली. चौथ्या दिवसापासून उतरली, आठवड्यात मूळ जागी आली. बहुतेकांचं असंच होतं, काही दिवस वाढ आणि मग उतार. तेव्हा सुईआधी साखर आटोक्यात आहे ना ते बघा. एचबीएवनसी फार वर असेल तर डॉक्टर थांबायला सांगतात, घाई करू नका. घरी ग्लुकोमीटर ठेवा, आठवडाभर दिवसातून दोन-तीन वेळा मोजा. इन्सुलिन चालू असेल तर मात्रा कशी बदलायची हे आधीच विचारून लिहून घ्या. आणि सुई गणपतीच्या, दिवाळीच्या आदल्या दिवशी घेऊ नका. मोदक समोर असताना संयम कठीण जातो.

दुसऱ्या सुया

बाजारात आता आणखीही सुया आहेत, त्यांची थोडक्यात ओळख.

हायड्रोडायलेटेशन म्हणजे स्टेरॉइडबरोबर सलाइन भरून आकसलेली पिशवी आतून फुगवणं. साधारण २० ते ४० मिलिलिटर द्रव भरतात. मेलबर्नच्या संशोधकांनी याचा चांगला अभ्यास केला आहे. काही काळ दुखणं कमी होतं आणि हालचाल वाढते. नुसत्या स्टेरॉइडपेक्षा किती जास्त फायदा होतो, यावर एकमत नाही.

सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह ब्लॉक म्हणजे खांद्याच्या सांध्यातली बहुतेक संवेदना वाहून नेणाऱ्या नसेजवळ बधिर करणारं औषध देणं. ज्यांना स्टेरॉइड चालत नाही किंवा दुखण्यामुळे व्यायामच करता येत नाही, त्यांना याचा आधार होतो.

हायल्युरोनिक ॲसिडचा या आजारात वेगळा फायदा ठोस दिसलेला नाही. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट्स घट्ट करून टोचणं. काही अभ्यास आशादायक आहेत, पण पुरावा अजून पक्का नाही आणि खर्च बराच. माझ्या एका सहकाऱ्याला एका दवाखान्यात पहिल्याच भेटीत तीन पीआरपीचं ‘पॅकेज’ सांगितलं. साध्या स्टेरॉइडचा उल्लेखही नाही. त्याने दुसरं मत घेतलं. साधी सुई, व्यायाम, काम झालं. स्टेरॉइडची कुपी स्वस्त असते, म्हणून ती कमी दर्जाची नसते.

नेहमीचे प्रश्न

“किती वेळा घेता येतं?” बऱ्याच जणांना एकच पुरतं. दुसरं लागलं तर मध्ये निदान सहा आठवडे, आणि वर्षात तीन-चारपेक्षा जास्त नाही, असा साधारण संकेत आहे. वारंवार घेतल्याने आजूबाजूचे स्नायूंचे दोर कमकुवत होऊ शकतात.

“दुष्परिणाम?” एक-दोन दिवस दुखणं वाढू शकतं, चेहरा लाल होतो, कधी सुईच्या जागची कातडी फिकट पडते. सांध्यात जंतू जाणं ही खरी भीती. हजारो सुयांमागे एखाद्याला होतं, पण तेव्हा ताप, वाढता ठणका, सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. अंगात ताप किंवा कुठेही जंतुसंसर्ग असताना, कातडीवर जखम असताना सुई घ्यायची नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं.

“खूप उशीर झाला असेल तर?” दुखणं जास्त असलेल्या सुरुवातीच्या काळात सुईचा फायदा जास्त. दुखणं संपून फक्त ताठरपणा उरला असेल तर तेवढा उपयोग होत नाही. मग व्यायाम, आणि महिनोन् महिने अडलेलंच राहिलं तर शस्त्रक्रियेचा विचार.

“दिल्लीत कुठे दाखवायचं?” कुठल्याही नोंदणीकृत अस्थिरोग तज्ज्ञाकडे. सरकारी सोय हवी असेल तर एम्स आहे, सफदरजंगचं २०१० साली सुरू झालेलं स्पोर्ट्‌स इंजरी सेंटर आहे. रेल्वे, सीजीएचएसवाल्यांना आपापली रुग्णालयं आहेत. फक्त एक करू नका. गल्लीतल्या बिनपाटीच्या दवाखान्यात “एक सुई, लगेच आराम” घेऊ नका. कुपीचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून मागा. लिहून देत नसेल तर उठून या.

शेवटची विनंती

पुरुषांचा खांदा धरला की अख्ख्या घराला कळतं. बायकांचं तसं नाही. आपल्याच मंडळातल्या एक काकू वर्षभर वेणी घालायला जमत नाही म्हणून केस कापून मोकळ्या झाल्या. मैत्रिणींना वाटलं फॅशन. फडताळातले वरचे डबे खाली आले, झंपर पुढून बटणांचे शिवले, हळदीकुंकवाला उजव्याऐवजी डाव्या हाताने करंडा पुढे केला, तेव्हा कुठे कोणाच्या लक्षात आलं. विचारलं तर म्हणाल्या, “वयाचं आहे, चालायचंच.” त्यांना मधुमेह होता, तोही तेव्हाच कळला.

म्हणून आज घरी गेलात की आईला, बायकोला, बहिणीला, सासूबाईंना एकदा दोन्ही हात डोक्यावर सरळ करायला सांगा, आणि मग पाठीमागे न्यायला सांगा. एक हात अडत असेल आणि तीन आठवड्यांहून जास्त दिवस रात्री दुखत असेल, तर त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा, साखर तपासा, सुई सांगितली तर न घाबरता प्रश्न विचारून घ्या. आणि सुईनंतरचे सहा-आठ आठवडे घरातली वरची कामं तुम्ही करा, त्यांना दिवसातून चार वेळा दहा मिनिटं मोकळी द्या. ब्लॉक मिळवून देणं डॉक्टरांच्या हातात आहे. त्यात कामाला वेळ मिळवून देणं घरातल्यांच्या.

 ज्यांना व्यायाम बघायचे आहेत त्यांनी प्रसादानंतर डाव्या बाजूच्या भिंतीपाशी यावं, मी करून दाखवतो.

गणपती बाप्पा मोरया!